घरातील वाय-फाय वारंवार तुटत असल्यास : ग्रामीण विदर्भातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे विदर्भातील खेड्यांत राहणाऱ्या आणि घरी फायबर, केबल ऑपरेटरची जोडणी, छतावरच्या डिशचे इंटरनेट किंवा सिमकार्डवर चालणारा राउटर वापरणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिली आहेत. वाय-फायविषयीचा बहुतेक सल्ला शहरातील सदनिका डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो; तेथे एकाच इमारतीतले अनेक राउटर एकमेकांच्या लहरींत अडथळा आणतात. आपल्याकडे शेजाऱ्याचे घर आंगणापलीकडे असते आणि जोडणी तुटते ती बहुधा विजेचा कमी-जास्त दाब, उन्हाळ्याचा ताव, मातीच्या जाड भिंती आणि खांबाखांबावरून आलेली तार यांमुळे. म्हणून येथे याच गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

वाय-फाय सारखे जाते-येते. बिघाड नेमका कुठे आहे, हे कसे ओळखावे?

आपल्या मोबाईलपर्यंत इंटरनेट तीन टप्प्यांनी येते. मोबाईल ते राउटर हा पहिला टप्पा, राउटर ते गावातील ऑपरेटरचे यंत्र हा दुसरा, आणि तेथून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी मुख्य वाहिनी हा तिसरा. वाय-फाय म्हणजे यांतील केवळ पहिला टप्पा. पण कुठेही तुटले तरी आपण वाय-फाय गेले असेच म्हणतो आणि तेथूनच चुकीच्या खर्चाला सुरुवात होते. दोष खांबावरच्या तारेत असेल, तर तीन हजारांचा नवा राउटर आणूनही तो जाणार नाही. त्यामुळे कोणता टप्पा तुटतो आहे हे कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

जोडणी तुटल्याबरोबर मोबाईल घेऊन राउटरपासून तीन-चार हातांवर उभे राहावे. वाय-फायच्या यादीतून आपल्या राउटरचे नावच गायब झाले असेल, तर राउटर बंद पडला आहे किंवा नव्याने सुरू होत आहे. अशा वेळी कारण विजेत किंवा ॲडॉप्टरमध्ये शोधावे. नाव दिसते, सिग्नलच्या रेघाही पूर्ण आहेत, पण ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ अशी सूचना येते, तर पहिला टप्पा ठीक असून दोष पुढे आहे. राउटरजवळ सर्व सुरळीत चालते आणि मागच्या खोलीत किंवा सपरीत गेल्यावरच तुटते, तर प्रश्न भिंतींचा व अंतराचा आहे.

अधिक खात्री करावयाची असल्यास पिंग नावाची चाचणी उपयोगी पडते. ती संगणकावर आधीपासूनच असते आणि मोबाईलवर त्यासाठी मोफत ॲप मिळतात. एकदा राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला (तो राउटरच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१) आणि एकदा ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला दोन-दोन मिनिटे पिंग चालू ठेवावे. राउटरकडून उत्तर साधारणपणे दहा मिलिसेकंदांच्या आत यावयास हवे. तेथेच उत्तरे गळत असतील किंवा वेळ शेकड्यांत जात असेल, तर वाय-फाय अशक्त आहे. राउटर वेळेवर उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता मात्र देत नाही, तर ऑपरेटरला फोन करावा. त्याआधी त्याच ऑपरेटरची जोडणी असलेल्या शेजाऱ्याला विचारून घ्यावे. त्याचेही बंद असेल, तर आपल्या घरात शोधण्यासारखे काही नाही.

फायबरच्या डब्यावरील दिव्यांचा अर्थ काय?

फायबरची तार घरात ज्या यंत्रात शिरते, तो हा डबा. त्याचे तीन दिवे ओळखता आले की पुरे. ‘पॉवर’चा दिवा स्थिर हवा. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल, तर ऑपरेटरच्या यंत्राशी जोडणी झालेली आहे, तो लुकलुकत राहिला, तर यंत्र नोंदणीचा प्रयत्न करीत आहे पण ती पूर्ण होत नाही. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. बंद-चालू करून हा लाल दिवा जात नाही. एकदा करून पाहावे आणि मग तक्रार नोंदवावी.

एलओएसचा दिवा लाल असताना घरच्या घरी काय तपासता येते?

तार घरात शिरते तेथपासून डब्यापर्यंत हात न लावता नजर फिरवावी. फायबर तांब्याच्या तारेसारखी दुमडता येत नाही, कारण तीक्ष्ण वळणावर आतला प्रकाश काचेबाहेर निसटतो. खिळ्यावर घट्ट गुंडाळलेली, दाराच्या फटीत दबलेली किंवा कपाट सरकवताना मागे चेपलेली तार हे नेहमी सापडणारे कारण आहे. वळण निदान चहाच्या कपाच्या तोंडाएवढे गोल असावे. डब्यात शिरणारी हिरव्या रंगाची चौकोनी पिन सैल असल्यास ती ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत हलकेच आत दाबावी. ती काढल्यास तिच्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नये आणि टोकात डोळा लावून पाहू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. लहान मुलांनाही हे आवर्जून सांगावे.

घराबाहेर मात्र कारणे वेगळी असतात. खारी व उंदीर तारेचे वरचे आवरण कुरतडतात, वानरांची टोळी तारेवरून उड्या मारते किंवा तारेला लोंबकळते आणि तार खांबावरील जोडातून ओढली जाते. रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदकामात जेसीबीने केबल तोडली, तर संपूर्ण गावाची सेवा जाते. जंगलालगतच्या गावांत वानरांचा त्रास कायमचा असल्याने नवी जोडणी घेतानाच तार झाडांच्या फांद्यांपासून दूर आणि पोलादी आधारतार असलेली घालून मागावी. तुटलेली फायबर हाताने पीळ देऊन जोडता येत नाही. त्यासाठी काच वितळवून जोडणारे स्प्लायसिंग यंत्रच लागते.

लाईन गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर असूनही इंटरनेट दोन-तीन मिनिटे जाते. असे का होते?

वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणाचा खंड पडतो. पंख्याला तो जाणवत नाही, परंतु राउटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि ऑपरेटरकडे नव्याने नोंदणी होईपर्यंत एक-दोन मिनिटे किंवा अधिक वेळ जातो. ज्या गावात लाईन तासात चार वेळा जाते-येते, तेथे ऑनलाईन वर्ग किंवा महाडीबीटीचा अर्ज मध्येच तुटण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

यावर सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस. त्यातील लिथियम बॅटरी राउटरला थेट १२ व्होल्ट देते, मध्ये खंड पडत नाही आणि भारनियमनाच्या काळात काही तास तो चालतो. घेताना आपल्या राउटरच्या ॲडॉप्टरवरील व्होल्ट पाहून तेवढ्याच व्होल्टचा घ्यावा. फायबरचा डबा आणि वाय-फाय राउटर वेगवेगळे असल्यास दोन्हींना आधार हवा. एकाच यंत्राला देऊन उपयोग नाही.

यूपीएस लावूनही लाईन जाताच इंटरनेट जात असेल, तर ऑपरेटरच्या ठिकाणी बॅटरी नाही असे समजावे. येथे एक फरक ठाऊक असावा. फायबरच्या पॉन पद्धतीत खांबावरील स्प्लिटरला, म्हणजे प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला, विजेची गरजच नसते, केवळ दोन टोकांना वीज लागते. पण अनेक गावांत ऑपरेटर तांब्याच्या लॅन केबलने जोडणी देतात आणि वाटेत कोणाच्या तरी घरावर किंवा खांबावर स्विचची पेटी बसवितात. त्या एका घराची वीज गेली, की पुढच्या सगळ्यांचे इंटरनेट जाते. नवी जोडणी घेताना ‘माझ्या घरापर्यंत फायबर येईल की लॅन केबल?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. आमच्या मते प्लॅनच्या वेगापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

वीज असते, तरीही राउटर आपोआप बंद होऊन सुरू होतो. राउटर खराब झाला का?

आधी ॲडॉप्टर तपासावा. दाब सतत खाली-वर होणाऱ्या आणि उष्ण ठिकाणी ॲडॉप्टरमधील कपॅसिटर हळूहळू निकामी होतो. असा ॲडॉप्टर रिकामा असताना मीटरवर बरोबर १२ व्होल्ट दाखवितो, पण घरातले तीन-चार मोबाईल एकदम सुरू झाले की दाब टिकवू शकत नाही आणि राउटर नव्याने सुरू होतो. ओलिताच्या दिवसांत वावरातले पंप एकदम चालू झाल्यावर घरातले दिवे मंद होत असतील आणि त्याच वेळी राउटर बंद पडत असेल, तर संशय आणखी पक्का होतो.

नवा ॲडॉप्टर घेताना जुन्याचे लेबल सोबत न्यावे. त्यावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असे काही लिहिलेले असते. व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनेचा आकार आणि तिच्या आत-बाहेरचे धन-ऋण जुळणेही आवश्यक आहे. सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर पिन बसते म्हणून लावू नये. राउटरचा दोष ठरविण्याआधी शेजाऱ्याचा तशाच मापाचा ॲडॉप्टर एक दिवस लावून पाहिला, तर बहुधा उत्तर मिळते.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारीच इंटरनेट का तुटते?

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुतेक वेळा ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात बाहेरचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि टिनाच्या छताखाली, भिंतीच्या वरच्या टोकाला लावलेल्या राउटरला त्याहूनही अधिक ताप सोसावा लागतो. मग तो वेग कमी करतो, अडखळतो किंवा बंद पडतो. सायंकाळी ऊन उतरल्यावर आपोआप ठीक होत असेल, तर कारण हेच आहे.

राउटर छतापासून खाली, छातीच्या उंचीवर आणावा. तो इन्व्हर्टरवर, दूरदर्शन संचाच्या मागे किंवा काचेच्या कपाटात ठेवू नये आणि धुळीपासून वाचविण्यासाठी त्यावर कापड झाकू नये, कारण हवेची छिद्रे त्यामुळे बंद होतात. छिद्रांतील धूळ यंत्र बंद करून कोरड्या ब्रशने काढावी.

कूलरसंबंधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. राउटर कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास ओल्या हवेने पिना गंजतात. आणि कूलर राउटर व आपल्या बसण्याच्या जागेच्या मधोमध असेल, तर त्याचे लोखंडी अंग, टाकीतले पाणी आणि भिजलेल्या ताट्या हे सगळे मिळून वाय-फायच्या लहरी अडवितात, कारण धातू त्या परतवितो आणि पाणी शोषून घेते. कूलर बाहेर काढला की मागच्या खोलीतले वाय-फाय ‘बिघडते’ आणि पावसाळ्यात तो माळ्यावर गेला की ‘सुधारते’, असे असेल तर राउटर दोन हात बाजूला सरकवून पाहावा.

जुन्या मातीच्या घरात राउटर कुठे ठेवावा?

वाय-फायच्या लहरी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीही बऱ्याच अडविते आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर जवळपास थांबवितेच. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा अडथळा वाढतो, त्यामुळे उन्हाळ्यात चालणारी जागा आषाढात चालेनाशी होणे अगदी शक्य आहे. ऑपरेटरचा माणूस सोयीचे म्हणून दाराशीच राउटर बसवून जातो. त्याला थांबवून मधल्या खोलीपर्यंत तार आणायला सांगावे. लहरी भिंतीतून जाण्याऐवजी दारातून जाव्यात, अशी जागा निवडावी: एकासमोर एक येणाऱ्या दारांच्या रेषेत, धान्याच्या लोखंडी कोठ्या आणि कपाटे यांपासून दूर. टिनाचे पत्रे लहरी परतवितात, म्हणून टिनाच्या खोलीत घराच्या दुसऱ्या भागातून वाय-फाय पोहोचेल अशी अपेक्षा ठेवू नये.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ यांपैकी कोणते वापरावे?

राउटर ज्या खोलीत आहे तेथे ५ गिगाहर्ट्झ, इतरत्र २.४. दोन्हींना एकच नाव दिलेले असल्यास मोबाईल या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उडी मारताना क्षणभर तुटतो. असा अनुभव येत असल्यास राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावे द्यावीत. काही स्वस्त किंवा जुन्या मोबाईलना ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसतच नाही. तो बिघाड नव्हे.

चॅनेल बदलल्याने फरक पडतो का?

गावात थोडाच. चॅनेल म्हणजे पट्ट्याचे छोटे भाग. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर येत नाहीत, म्हणून यांपैकी जो आसपास सर्वांत कमी वापरात असेल तो ठेवावा. बाजारपेठेच्या मोठ्या गावात, दुकानांच्या रांगेत घर असल्यास मात्र हा बदल अवश्य करून पाहावा.

मागच्या खोलीत किंवा गोठ्यापर्यंत वाय-फाय पोहोचवायचे आहे. रिपीटर घ्यावा का?

रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठविणारे यंत्र, जेथे सिग्नल मुळीच नाही तेथे लावला जातो आणि तेथेच तो निरुपयोगी ठरतो, कारण त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे देऊ शकतो. शिवाय साधा रिपीटर ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर करीत असल्याने वेग सुमारे निम्म्यावर येतो. त्यापेक्षा राउटरपासून लॅन केबल नेऊन दुसऱ्या टोकाला जुना राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे केवळ वाय-फाय देण्यासाठी, लावणे कितीतरी भरवशाचे आहे. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. आंगणातून नेताना बाहेरच्या वापरासाठीची, काळ्या आवरणाची केबल घ्यावी. घरातली साधी केबल विदर्भाच्या उन्हात तडकते.

छतावरील डिशचे इंटरनेट पावसाळ्यात का बिघडते?

ऑपरेटरच्या मनोऱ्यावरून डिशवर येणारे स्थानिक इंटरनेट बहुधा ५ गिगाहर्ट्झवर चालते आणि या लहरींना पावसाच्या थेंबांमुळे फारसा अडथळा येत नाही. खरी कारणे वेगळी आहेत. मृगाच्या वादळात डिशचे तोंड थोडे फिरते. काही अंशांचा फरकही जोडणी अशक्त करण्यास पुरतो. पाऊस पडला की वाटेतल्या झाडांना पालवी फुटते आणि ओली पाने लहरी अडवितात. केबलच्या पिनेत पाणी शिरते. डिश बसविताना मनोरा उघड्या डोळ्यांनी दिसतो का, हे पाहिले जाते; परंतु मधल्या वावरातले सागवान दोन-तीन वर्षांत किती वाढेल, हेही तेव्हाच विचारात घ्यावे. डिशची दिशा स्वतः बदलू नये, मात्र योग्य स्थितीत असताना खांबावर रंगाची खूण करून ठेवावी.

आकाशात विजा चमकत असताना काय करावे?

ॲडॉप्टर सॉकेटमधून काढावा आणि लॅन केबल किंवा टेलिफोनची तार राउटरपासून वेगळी करावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. हे काम विजा जवळ येण्याआधीच करावे. कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये. काचेच्या फायबरमधून विजेचा प्रवाह येत नाही, परंतु तिच्यासोबत असलेल्या पोलादी आधारतारेतून आणि ॲडॉप्टरमधून येऊ शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याची पूर्वसूचना देते. ते वावरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावे, इंटरनेटसाठी नव्हे तर जीवासाठी.

ग्रामपंचायतीत भारतनेटचे फायबर आले आहे. मग घरचे इंटरनेट का तुटते?

२०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झालेला आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखला गेलेला हा प्रकल्प ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी होता. तेथून घरापर्यंतचा भाग स्थानिक जोडणी देणाऱ्याचा असतो. शिवाय पंचायतीच्या खोलीतील यंत्राला अखंड वीज आणि चालू स्थितीतली बॅटरी नसेल, तर फायबर असूनही सेवा मिळत नाही. हा विषय ग्रामसभेत मांडण्यासारखा आहे.

सिमकार्डवरच्या ४जी किंवा ५जी राउटरचा सिग्नल कसा सुधारावा?

राउटरच्या सेटिंगमध्ये मनोऱ्याच्या सिग्नलची ताकद सांगणारा ‘आरएसआरपी’ नावाचा आकडा असतो. तो वजा ८० ते वजा ९० असल्यास उत्तम, वजा ११० च्या पलीकडे गेल्यास जोडणी तुटत राहणार. मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत राउटर ठेवून, जागा बदलत हा आकडा पाहावा. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत नेल्याने मोठा फरक पडलेला दिसतो. टिनाच्या घरात बाहेरचा अँटेना लावावाच लागतो. सिग्नल चांगला असूनही सायंकाळी सात ते दहा या वेळेतच वेग पडत असेल, तर मनोऱ्यावर गर्दी आहे आणि अँटेनाने ती कमी होत नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम आठवडाभर लावून पाहणे हाच मार्ग आहे.

इंटरनेट तुटत नाही, पण महिन्याच्या शेवटी फार मंद होते.

प्लॅनमधील डेटाची मर्यादा संपली असावी. त्यानंतर कंपनी वेग उतरवते. पासवर्ड गावात पसरला असल्यास तो बदलावा. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) वेग अशी केली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

राउटरच्या मागचे छोटे रीसेट बटण दाबावे का?

नाही. बंद करून एक मिनिटाने सुरू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. टाचणीने ते बटण दाबून धरल्यास ऑपरेटरने भरलेली सर्व माहिती पुसली जाते आणि तो पुन्हा येईपर्यंत इंटरनेट पूर्ण बंद राहते.

तक्रार कशी करावी, म्हणजे तिची दखल घेतली जाईल?

‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितल्यास ‘बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळते. तारीख, वेळ, त्या क्षणी कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता, लाईन गेली होती का आणि शेजाऱ्याचे चालू होते का, या नोंदी एका वहीत ठेवून वाचून दाखवाव्यात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळाला पाहिजे आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. गावातल्या ओळखीच्या ऑपरेटरकडे औपचारिक तक्रार करताना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. तरीही क्रमांक मागून घ्यावा, कारण तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही.

दुरुस्तीसाठी माणूस आल्यावर त्याच्याकडून काय तपासून घ्यावे?

फायबर असल्यास पॉवर मीटरवर प्रकाशाची पातळी मोजून मागावी. वजा १५ ते वजा २५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) असल्यास ठीक. वजा २७ च्या जवळ असल्यास आज दिवा हिरवा असला, तरी उन्हाने किंवा वाऱ्याने तार थोडी ताणली गेल्यावर जोडणी पुन्हा तुटेल. तो जोड नव्याने करून घ्यावा आणि दुरुस्तीनंतरचा आकडा तारखेसह राउटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवायला सांगावे. पुढच्या वेळी दुसरा माणूस आला, तरी आधी किती होते आणि आता किती आहे, हे त्याला पाहताक्षणी कळेल.